वासुदेवाला गाडीत घालणारा कायदा रद्द करा: विधिमंडळाच्या सदस्यांना खुलं पत्र

महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेच्या सर्व सन्माननीय सदस्यांना,
सप्रेम नमस्कार.

मी प्राथमिक शाळेत शिकवते, चौथीचा वर्ग माझ्याकडे आहे. माझ्या वर्गातला एक मुलगा तीन आठवडे शाळेत आला नाही, त्याच्यामुळे हे पत्र लिहिते आहे. त्याचं नाव आणि गाव सांगत नाही, कारण सांगितलं की त्रास त्यालाच होणार. त्याचे वडील वासुदेव आहेत. म्हणजे खरोखरचे वासुदेव, मोरपिसांची टोपी, अंगात झगा, हातात टाळ आणि चिपळ्या, पहाटे गाणं म्हणत दारोदार फिरायचं आणि कुणी काही घातलं की दान पावलं म्हणायचं, आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं काम.

आमच्या शहरात भिकारीमुक्त शहर अशी मोहीम निघाली. गाडी आली, स्टँडच्या बाहेर जे जे दिसले त्यांना आत घातलं, त्यात हे पण गेले, टोपीसकट. नंतर कोर्टापुढे उभं केलं आणि तिथून भिक्षेकरी गृहात. त्यांच्या बायकोला दोन दिवस माणूस कुठे आहे तेच कळलं नाही. मुलगा घरी थांबला, कारण धाकट्या बहिणीला सांभाळायला कोणी नाही आणि आई कागद घेऊन या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरतेय.

माझ्या वर्गाच्या भिंतीवर लोककलांचा तक्ता लावलेला आहे, वासुदेव, गोंधळी, पोतराज, बहुरूपी सगळ्यांची चित्रं आहेत त्यावर. जूनमध्ये तो शिकवला तेव्हा हा पोरगा उठून उभा राहिला होता आणि म्हणाला होता, बाई, हे माझे पप्पा. सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. आता तो परत आल्यावर मी त्या तक्त्याकडे बोट दाखवून काय शिकवू ते तुम्ही मला सांगा.

मी वकील नाही. पण कायदा वाचला, मराठी येतं, थोडं इंग्रजी येतं, एका ओळखीच्या वकील ताईंना शंका विचारल्या. 1959 चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा, तुमच्याच सभागृहाने केलेला. त्यातली भिकेची व्याख्या तुमच्यापैकी किती जणांनी वाचली आहे मला माहीत नाही, म्हणून साध्या भाषेत सांगते. सार्वजनिक जागी भिक्षा मागणं किंवा नुसती घेणं म्हणजे भीक, मग ती गाऊन, नाचून, भविष्य सांगून, खेळ करून किंवा एखादी वस्तू विकायचं निमित्त करून का असेना. म्हणजे वासुदेव आला, डोंबारी आला, कुडमुडे जोशी आला, नंदीबैलवाला आला, सिग्नलला पेन विकणारी बाई पण ओढून आणता येते. आणि त्याच्या पुढचं कलम तर मी तीन वेळा वाचलं. ज्याच्याकडे उपजीविकेचं उघड दिसणारं साधन नाही आणि जो सार्वजनिक जागी अशा अवस्थेत फिरतो किंवा थांबतो की हा भिकेवरच जगत असणार असं वाटावं, तो पण भिकारी. त्याने हात पसरला नसला तरी चालतं. त्याचं दिसणंच पुरेसं आहे! वाटावं म्हणजे कोणाला वाटावं? गाडी घेऊन आलेल्या माणसाला.

पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात. कोर्टात संक्षिप्त चौकशी होते. पहिल्यांदाच सापडलेल्याला समज देऊन बॉण्डवर सोडायची सोय आहे, पण बॉण्डसाठी हमी कोण देणार, पालात राहणाऱ्या माणसाला शहरात कोण ओळखतं. नाहीतर कमीत कमी 1 वर्ष आणि जास्तीत जास्त 3 वर्षं संस्थेत ठेवतात. परत परत सापडला तर 10 वर्षांपर्यंत. दहा वर्षं, कोणाला मारलं नाही, कोणाचं काही घेतलं नाही, लोकांनी आपल्या हाताने दिलं ते घेतलं म्हणून.

आता माझं स्वतःचं सांगते, कारण हे नुसतं दुसऱ्याच्या घरचं दुःख असतं तर कदाचित मी पण चुकचुकून गप्प बसले असते. मी कैकाडी समाजाची. माझी आज्जी सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये जन्मली, तारेच्या कुंपणाच्या आत. तिने काही केलं नव्हतं, जन्मलेल्या पोरीने काय करायचं असतं? 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा होता, आधी उत्तरेकडे लागू झाला आणि 1911 नंतर आमच्या मुंबई इलाख्यातही. सरकारने गॅझेटात एखाद्या जमातीचं नाव छापलं की ती जमात गुन्हेगार, आणि त्या अधिसूचनेवर कुठल्याही कोर्टाने प्रश्न विचारायचा नाही असं कायद्यातच लिहिलेलं होतं. त्याच कायद्याच्या दुसऱ्या भागात तृतीयपंथीयांचीही नोंद ठेवायला सांगितली होती. आज्जीचे वडील रोज हजेरी द्यायचे, पाहुण्याच्या लग्नाला जायचं तर पास काढायचा, पास संपायच्या आत परत यायचं, उशीर झाला तर तोच गुन्हा. आज्जी म्हातारपणी पण संध्याकाळ झाली की सगळे घरात आले का ते मोजायची, आम्हाला लहानपणी वाटायचं तिला सवय आहे, मग मोठं झाल्यावर कळलं ती सवय कुठून आली.

हे लोक गुन्हेगार ठरले ते कशामुळे हे शोधायला गेलं की प्रत्येक वेळी मागे कोणाचा तरी फायदा सापडतो. लमाण तांडे बैलांवरून धान्य आणि मीठ वाहायचे, रेल्वे आली आणि तो धंदा गेला. जंगल कायदे आले आणि जंगलात शिकार करणं, वेत-बांबू तोडणं, गुरं चारणं यावर बंदी आली. म्हणजे पारध्याचं काम गेलं, टोपल्या विणणाऱ्या आमच्या लोकांचं वेत गेलं. आणि फिरणाऱ्या माणसावर कर बसवता येत नाही, त्याची मोजदाद करता येत नाही, त्यामुळे फिरणं हेच संशयास्पद. रामोशी समाजाचं बघा. उमाजी नाईकांनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं, 3 फेब्रुवारी 1832 ला पुण्यात त्यांना फाशी दिलं, आणि पुढे त्यांचा समाजच या कायद्याखाली गेला. आज सरकार त्यांची जयंती साजरी करतं, तुमच्यापैकी पुष्कळ जण हार घालायला जाता, जायलाच हवं. फक्त हार घालताना एवढं लक्षात असू द्या की त्या दिवशी पुण्यात कायद्याच्या भाषेत ते गुन्हेगार होते आणि आज वीर आहेत. त्यांनी केलं ते तेच आहे, राज्य कोणाचं ते बदललं.

31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला, आम्ही विमुक्त झालो, अजूनही तो दिवस आम्ही साजरा करतो. माझी आज्जी तेव्हा सतरा वर्षांची होती. पण सात वर्षांनी, 1959 ला, मुंबई राज्याने दोन कायदे केले, एक सवयीच्या गुन्हेगारांचा आणि एक भिकेचा. जमातीचं नाव गेलं, त्या जागी सवय हा शब्द आला. पोलीस ठाण्यातली रजिस्टरं आणि त्यातली आडनावं मात्र राहिली.

माझ्या भावाचं सांगते. वायरमनचं काम करतो, एका ठेकेदाराकडे लागला होता. आमच्या वस्तीपासून दोन किलोमीटरवर मोबाईलचं दुकान फुटलं. रात्री गाडी आली आणि वस्तीतली अठरा ते तीसमधली जेवढी पोरं हाताला लागली तेवढी नेली. दोन रात्री ठेवला, कागद नाही, नोंद नाही, तिसऱ्या दिवशी सोडून दिला, दुसराच कोणीतरी सापडला होता म्हणे. ठेकेदार म्हणाला, तुझ्याबद्दल माझं काही नाही रे पण गिऱ्हाईक विचारतात. काम गेलं. चोरी झाली तर चोर पकडायलाच पाहिजे याबद्दल मला काही म्हणायचं नाही, माझ्या घरी चोरी झाली तर मी पण पोलिसांकडेच जाणार. पण पुरावा शोधायला दुकानापासून सुरुवात करायची का आडनावापासून?

आणि हा संशय पोलीस ठाण्यात थांबत नाही, तो लोकांच्या डोक्यात मुरतो. 1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं राईनपाडा. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत फिरणारे, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारले. ती अफवा व्हॉट्सअॅपवर आली होती हे खरंय, पण अनोळखी भटका म्हणजे चोर हे त्या लोकांना व्हॉट्सअॅपने नाही शिकवलं. दीडशे वर्षं कायदा तेच शिकवतोय.

तुम्ही म्हणाल, बाई, गुन्हा तो गुन्हा, यात राजकारण कुठे आलं. मी तुमच्याच सभागृहातली उदाहरणं देते.

2005 ला डान्सबारवर बंदी आणली. स्त्रियांची प्रतिष्ठा, तरुण पिढी, सगळं बोललं गेलं. पण त्याच कायद्यात थ्री स्टार आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट होती. म्हणजे तोच नाच, तीच बाई, छोट्या बारमध्ये गुन्हा आणि मोठ्या हॉटेलात मनोरंजन. 2006 ला हायकोर्टाने आणि 2013 ला सुप्रीम कोर्टाने ती बंदी टिकू दिली नाही, पण मधल्या काळात ज्या बायकांची रोजीरोटी गेली त्यांना कोणी विचारलं?

राजकीय आणि सामाजिक आंदोलनातले खटले मागे घ्यायचे शासन निर्णय निघतात, जीवितहानी झालेली नसावी आणि नुकसान 5 लाखांच्या वर नसावं अशा अटींवर. मी त्याच्या विरोधात नाही, आंदोलन करणाऱ्या पोरांची आयुष्यं केसमध्ये सडू नयेत हे मला पटतं. पण एसटीची काच फोडणाऱ्याची केस मागे घेता येते आणि चिपळ्या वाजवणाऱ्याची येत नाही, कारण पहिल्याच्या मागे पक्ष आहे आणि दुसऱ्याकडे मतदार यादीत टाकायला पत्तासुद्धा नाही.

दिल्लीतलं बघा. 2023 ला संसदेने जनविश्वास कायदा केला, 42 कायद्यांमधल्या 183 तरतुदींमधली शिक्षा सौम्य केली किंवा काढून टाकली, कारण उद्योग करणाऱ्याला किरकोळ चुकीसाठी तुरुंगाची भीती नको, माणसांचं जगणं सोपं व्हावं. चांगला विचार आहे. मनापासून म्हणते. हाच विचार फुटपाथवर झोपणाऱ्या माणसापर्यंत का नाही पोचला? त्याच्या जगण्यातली तुरुंगाची भीती कोण काढणार?

आणि राजकारण वाईटच असतं असंही मी म्हणत नाहीये, प्लीज असा अर्थ काढू नका. जादूटोणाविरोधी कायदा वर्षानुवर्षं अडकला होता, 20 ऑगस्ट 2013 ला डॉ. दाभोलकरांचा खून झाला आणि आठवड्याच्या आत वटहुकूम निघाला. अघोरी प्रकार त्याच्या आदल्या दिवशी पण तेवढेच अघोरी होते, पण गुन्हा ते त्यानंतर झाले, कारण लोक रस्त्यावर आले. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा तुम्ही 2016 ला केलात, देशात पहिल्यांदा. त्याचा आमच्यासारख्या समाजांना केवढा उपयोग आहे ते मला विचारा, जातपंचायतीने वाळीत टाकलेली माझी चुलत मावशी त्या कायद्याचं नाव घेऊन उभी राहिली. उलट बाजूने 2018 ला सुप्रीम कोर्टाने समलैंगिक संबंध आणि व्यभिचार हे दोन्ही गुन्ह्यातून बाहेर काढले, म्हणजे संध्याकाळपर्यंत जे गुन्हेगार होते ते सकाळी नव्हते. तेव्हा कुठली वागणूक गुन्हा ठरवायची हे वरून लिहून आलेलं नाहीये, ते माणसं ठरवतात, या राज्यात ते तुम्ही ठरवता आणि ठरवताना कोणाचा आवाज तुमच्या कानापर्यंत पोचतो यावर सगळं अवलंबून आहे. वासुदेवाचा पोचला नाही म्हणून मी लिहितेय.

कोर्टांनी त्यांचं काम बरंचसं केलंय. 8 ऑगस्ट 2018 ला दिल्ली हायकोर्टाने हाच आपला मुंबईचा कायदा, जो दिल्लीला लागू केलेला होता, त्यातली भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं घटनाबाह्य ठरवली. 2019 ला जम्मू काश्मीरच्या हायकोर्टाने तिथला कायदा रद्द केला. 2021 मध्ये कोविडच्या काळात भिकाऱ्यांना रस्त्यावरून हटवा अशी मागणी सुप्रीम कोर्टात झाली तेव्हा कोर्टाने नकार दिला, नाइलाज असल्याशिवाय कोणी भीक मागत नाही, हा सामाजिक-आर्थिक प्रश्न आहे अशा अर्थाचं बोललं. 3 ऑक्टोबर 2024 ला पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने तुरुंगातल्या जातिभेदाचे नियम रद्द केले, विमुक्त जमातीचा म्हणून सवयीचा गुन्हेगार धरायचा प्रकार चालणार नाही असं सांगितलं, आणि विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये म्हणून पोलिसांनाही जुन्या निकालांची आठवण करून दिली. विमुक्त-भटक्या जमातींसाठी नेमलेल्या बाळकृष्ण रेणके यांच्या राष्ट्रीय आयोगाचा अहवाल 2008 ला आला, त्यानंतर भिकू रामजी इदाते यांचा आयोग झाला, दोघेही आपल्या महाराष्ट्राचे. ज्या राज्यात हा कायदा जन्मला आणि ज्या राज्यातली माणसं या आयोगांचे अध्यक्ष झाली त्याच राज्याचं विधिमंडळ यावर गप्प आहे हे मला सहन होत नाही.

मुलं पळवून त्यांना भीक मागायला लावणाऱ्या टोळ्यांचं काय, हा प्रश्न मला स्टाफरूममध्ये पण विचारला. बरोबर प्रश्न आहे. त्यासाठी भारतीय न्याय संहितेत वेगळं कलम आहे, 139, भीक मागायला लावण्यासाठी मूल पळवणं किंवा त्याला अपंग करणं यासाठी कडक शिक्षा आहे. ते कलम वापरा, जोरात वापरा. पण आत्ताच्या कायद्यात होतं काय, की टोळीवाला बाजूला राहतो आणि ज्याच्या हातात वाटी आहे तो आत जातो.

माझ्या मागण्या सांगते.

भीक प्रतिबंधक कायदा रद्द करायचं विधेयक येत्या अधिवेशनात आणा. सुधारणा नको, एखादा शब्द बदलून मोकळं होऊ नका, भिकेला गुन्हा म्हणणंच काढा. आणि विधेयक पास होईपर्यंत मोहिमा थांबवा, गाड्या पाठवू नका. आत्ता जे लोक भिक्षेकरी गृहांमध्ये आहेत त्यांची यादी करून ज्यांना घरी जायचंय त्यांना सोडा, ज्यांना खरंच निवारा हवाय त्यांच्यासाठी तीच जागा कुलूप काढून निवारा म्हणून चालवा, डॉक्टर आणि समुपदेशक द्या, आणि दार आतून उघडता आलं पाहिजे.

सवयीच्या गुन्हेगारांचा 1959 चा कायदा काढा, आणि पोलीस ठाण्यांमधल्या हिस्ट्रीशीट तपासायला जिल्हावार समिती नेमा, त्यात विमुक्त-भटक्या समाजातली माणसं असू द्या. नुसत्या जातीवरून किंवा वस्तीवरून चढवलेली नावं कमी करा आणि कमी केली तसं त्या माणसाला लेखी कळवा. लेखी, कारण माझ्या भावाला नेल्याचाही कागद नाही आणि सोडल्याचाही नाही.

लोककलावंतांना ओळखपत्र द्या, सोपं, जात दाखल्याच्या आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या रहिवासी पुराव्याच्या चक्रात न अडकवता. ज्यांच्या बापजाद्यांचं घरच बैलाच्या पाठीवर होतं त्यांनी रहिवासी पुरावा कुठून आणायचा?

आणि शेवटची, ही सगळ्या पुढच्या कायद्यांसाठी आहे. यापुढे कुठलीही नवी गोष्ट गुन्हा ठरवणारं विधेयक मांडाल तेव्हा त्यासोबत एक टिपण जोडा, या कलमाखाली प्रत्यक्षात कोण आत जाणार आहे, त्या लोकांना तुम्ही भेटलात का, ते काय म्हणाले. दोन पानं पुरतील. ज्या कलमाबद्दल ही दोन पानं लिहिता येत नसतील ते मतदानाला घाईने टाकू नका.

हे पत्र मी माझ्या मतदारसंघाच्या आमदारांच्या कार्यालयात पण देणार आहे आणि पोच घेणार आहे. वाचणाऱ्या सगळ्यांना विनंती, तुमच्या आमदारांना एवढंच विचारा की 1959 च्या या दोन कायद्यांबद्दल तुमचं म्हणणं काय, आणि जे उत्तर येईल ते इथे लिहा.

मुलाचे वडील अजून आत आहेत, पुढची तारीख पडली आहे. काल त्याची आई शाळेत आली होती, दाखला पाहिजे होता, कोर्टात दाखवायला की हे कुटुंब इथेच राहतं, मुलगा इथे शिकतो. मी हेडबाईंची सही घेऊन दिला. जाताना ती म्हणाली, बाई, टोपी मिळेल का परत, ती सासऱ्यांची होती. मला उत्तर देता आलं नाही, तुमच्यापैकी कोणाला येत असेल तर कळवा.

आपली,
चौथीची वर्गशिक्षिका